डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्यांसाठी लेक्चर रेकॉर्डिंग : परवानगीपासून परीक्षेपर्यंत

पाच विषय, प्रत्येकाची आठवड्याला चार लेक्चर्स, एक लेक्चर ४८ मिनिटांचं आणि सत्र साधारण १५ आठवड्यांचं. गुणाकार केला तर एका विषयाचे ४८ तास होतात आणि पाचांचे मिळून २४०. मोबाइलचं लाल बटण दाबून हे २४० तास साठवायला काहीच लागत नाही, पण परीक्षेआधीच्या तीन आठवड्यांत ते पुन्हा ऐकणं कुणालाही शक्य नाही. रेकॉर्डिंग करूनही फायदा झाला नाही असं जे विद्यार्थी सांगतात, त्यांचं गाडं बहुतेक वेळा इथेच अडलेलं असतं. फाइल्स असतात, पण कुठल्या फाइलमध्ये कितव्या मिनिटाला काय आहे याचा पत्ता नसतो.

म्हणून आवाज स्वच्छ येणं जितकं महत्त्वाचं, तितकंच त्या आवाजात परत जायची वाट आखून ठेवणं महत्त्वाचं. खाली दोन्ही गोष्टी क्रमाने दिल्या आहेत.

रेकॉर्डिंग नेमकं कशासाठी

डिस्लेक्सियात समज कमी नसते. अक्षर ओळखणं, शब्द वाचणं, तो बरोबर लिहिणं या गोष्टी इतरांच्या हातून आपोआप होतात, त्या इथे लक्ष देऊन कराव्या लागतात. आता वर्गात काय होतं ते पाहा. सर ‘स्थितिस्थापकत्व’ म्हणतात. कानाने शब्द ऐकला, डोक्याला कळला, पण हात पहिल्याच जोडाक्षरावर अडतो. ‘स्थि’ ऱ्हस्व की दीर्घ, ‘त्व’ कसं लिहायचं, हे सुटेपर्यंत सरांची पुढची दोन वाक्यं होऊन गेलेली असतात. फळ्यावरून उतरवतानाही तेच होतं. मान वर करून दोन शब्द डोक्यात धरायचे, खाली बघून लिहायचे, पुन्हा वर बघितलं की ओळ सापडत नाही. मराठीत भ-म, घ-ध, प-ष यांची अदलाबदल होते. इंग्रजीत उच्चार एक आणि स्पेलिंग भलतंच. मराठी माध्यमातून बारावी करून इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसलेल्या मुलामुलींवर हा भार दुप्पट होतो.

रेकॉर्डर सुरू असला की सगळं उतरवून घेण्याची सक्ती संपते. विद्यार्थी मान वर ठेवून ऐकू शकतो, आकृती बघू शकतो, प्रश्न विचारू शकतो. आमच्या मते रेकॉर्डिंगचा निम्मा फायदा वर्गातच मिळतो, फाइल पुन्हा उघडण्याच्या आधी.

परवानगी : आधी विचारा, मग बटण दाबा

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आला तेव्हा ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ २१ दिव्यांगत्वांच्या यादीत आली आणि डिस्लेक्सियाचा त्यात नाव घेऊन समावेश झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात ती नव्हती. नव्या कायद्यात ‘वाजवी सोय’ म्हणजे काय याची व्याख्या आहे, आणि अशा सोयी मिळतील हे पाहण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. लेक्चर रेकॉर्ड करू द्यावं असं वेगळं कलम मात्र त्यात नाही. त्यामुळे ‘माझा हक्क आहे’ असं म्हणून बाकावर मोबाइल आपटण्यापेक्षा ‘मला ही सोय हवी आहे आणि ती या कारणासाठी’ असा लेखी अर्ज देणं जास्त पक्कं ठरतं.

कॉपीराइटबद्दल शिक्षकांच्या मनात शंका असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात व्याख्यान देणारी व्यक्ती कलाकाराच्या व्याख्येत येते, आणि कलम ३९ प्रमाणे स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं ध्वनिमुद्रण कलाकाराच्या हक्काचा भंग ठरत नाही. ही सूट रेकॉर्ड करणाऱ्याच्या स्वतःच्या वापरापुरती आहे. तीच फाइल वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की तिचा आधार गेला. शिवाय कॉलेजचे स्वतःचे मोबाइलबंदीचे नियम असतात, म्हणूनही लेखी परवानगी जवळ हवी.

अर्ज प्राचार्यांच्या नावाने करा आणि प्रत समान संधी कक्षाला किंवा दिव्यांग कक्षाला द्या. दोन्ही नसतील तर विभागप्रमुखांना द्या. सोबत अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राची प्रत जोडा. इथे एक गोष्ट राहून जाते. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ही तपासणी ८ व्या वर्षानंतर, मग १४ व्या आणि १८ व्या वर्षी अशी करायची होती आणि १८ व्या वर्षीचं प्रमाणपत्र कायमचं धरलं जात होतं. २०२४ मध्ये या सूचना बदलल्या, म्हणून सध्याचा नियम विचारून घ्या. दहावीच्या सवलतींसाठी काढलेलं जुनं प्रमाणपत्रच पुढे करत असाल तर कॉलेज नवीन मागू शकतं. ते हातात येईपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. परीक्षेतल्या जादा वेळेला आणि लेखनिकाला कागद लागतो, पण एखाद्या मॅडमनी स्वतःच्या तासाला रेकॉर्डर ठेवू देण्यासाठी तोंडी विनंतीही पुरते.

अर्जाचा मजकूर एवढाच पुरे :

‘मला डिस्लेक्सिया आहे (प्रमाणपत्राची प्रत सोबत). ऐकलेलं मला समजतं, पण ऐकत असतानाच लिहिणं जमत नाही. म्हणून या सत्रातील लेक्चर्सचा फक्त आवाज रेकॉर्ड करण्याची परवानगी मिळावी. रेकॉर्डिंग मी स्वतःच्या अभ्यासासाठीच वापरेन, कुणालाही देणार नाही, इंटरनेटवर टाकणार नाही. शिक्षकांनी सांगितल्यास त्या वेळी रेकॉर्डर थांबवेन. विषय उत्तीर्ण झाल्यावर सर्व फाइल्स पुसून टाकेन.’

अर्ज मंजूर झाला तरी प्रत्येक शिक्षकाला पहिल्या तासाआधी स्टाफरूममध्ये जाऊन भेटा. ‘सर, ऐकता ऐकता लिहायला मला अवघड जातं. तुमच्या टेबलावर रेकॉर्डर ठेवला तर चालेल का? फक्त माझ्यासाठी आहे,’ एवढं म्हटलं की बहुतेक जण हो म्हणतात. जे नाही म्हणतात त्यांना आपलं बोलणं तोडून-जोडून कुठेतरी फिरेल याची धास्ती असते आणि ती अगदीच निराधार नसते. अशा वेळी वरची हमी सही करून द्या. तरीही नकारच आला तर स्लाइड्स आदल्या दिवशी मिळाव्यात आणि वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीच्या वहीची झेरॉक्स मिळावी, एवढं तरी मागून घ्या. लपवून रेकॉर्डिंग करू नका. खिशातून येणारा आवाज तसाही निकामी असतो, आणि एकदा पकडले गेलात की पुढच्या डिस्लेक्सिक विद्यार्थ्यालाही परवानगी मिळत नाही.

शिकायला परदेशी जात असाल तर हीच मागणी तिथल्या दिव्यांग विद्यार्थी कार्यालयात प्रवेश घेतानाच करा. अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ खालच्या नियमांत वर्गात टेप रेकॉर्डरला बंदी घालू नये असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याखाली विद्यापीठाला वाजवी फेरबदल करावे लागतात, आणि हे बाहेरच्या देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांनाही लागू आहे.

कशावर रेकॉर्ड करायचं

हातातला मोबाइल चालतो. तरीही जमत असेल तर वेगळा व्हॉइस रेकॉर्डर घ्या असंच आम्ही सांगू. कारण साधं आहे. मोबाइल शिक्षकांच्या टेबलावर ठेवला की फळ्याचा फोटो काढायला हातात काही उरत नाही, आणि मोबाइल स्वतःकडे ठेवला की आवाज लांबून येतो. रेकॉर्डरला भौतिक बटणं असतात, फोन येत नाही, मेसेज येत नाहीत, आणि दोन पेन्सिल सेलवर तो बरेच दिवस चालतो. घरात बदलून टाकलेला जुना मोबाइल पडून असेल तर सिम काढून तोच रेकॉर्डर म्हणून वापरा. तो उत्तम काम देतो.

मोबाइलवरच करायचं असेल तर या गोष्टी आधी लावून ठेवा. फ्लाइट मोड चालू करा, कारण फोन आला की बरीच ॲप्स रेकॉर्डिंग थांबवतात आणि ते पुन्हा आपोआप सुरू होईलच असं नाही. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये त्या रेकॉर्डिंग ॲपसाठी बॅटरी बचतीचं बंधन काढा, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर काही मिनिटांत फोन ॲपला झोपवतो आणि ४८ मिनिटांच्या लेक्चरची ९ मिनिटांची फाइल हाती येते. त्याच फोनवर व्हिडिओ काढू नका, कारण मायक्रोफोन कॅमेऱ्याकडे जाऊ शकतो.

फाइलचा प्रकार निवडताना ‘सगळ्यात उत्तम’ दर्जा निवडायचा मोह होतो. तो टाळा. बोलण्यासाठी एमपीथ्री, मोनो, ६४ केबीपीएस पुरतं. त्यात ४८ मिनिटांचं लेक्चर साधारण २३ एमबीचं होतं आणि सत्राची सगळी ३०० लेक्चर्स ७ जीबीत बसतात. तीच स्टिरिओ वेव्ह फाइल ठेवली तर एक लेक्चर ५०० एमबीच्या वर जातं, सत्राचे १५० जीबी होतात आणि दिवाळीच्या आतच फोन ‘जागा संपली’ म्हणू लागतो.

एमपीथ्रीचा आणखी एक फायदा आहे. फोनवरची एमफोरए फाइल बंद होताना शेवटी तिची अनुक्रमणिका लिहिली जाते. रेकॉर्डिंग चालू असतानाच बॅटरी संपली तर ती लिहायची राहते आणि अख्खी फाइल उघडत नाही. एमपीथ्री बहुधा तुटली तिथपर्यंत वाजते. प्रकार कुठलाही असो, ‘थांबवा’ दाबल्यावर ‘सेव्ह झालं’ दिसेपर्यंत यंत्र बंद करू नका.

आवाज : अंतर, पंखा आणि बाक

आपल्याकडच्या वर्गात आवाजाचे तीन शत्रू असतात. डोक्यावरचा पंखा, लांबचं अंतर आणि लाकडी बाक.

अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलने घटतो. शिक्षकांपासून १ मीटरवर जो आवाज येतो तो २ मीटरवर ६, ४ मीटरवर १२ आणि ८ मीटरवर १८ डेसिबलने कमी. पंख्याचा आवाज मात्र सगळीकडे सारखाच. म्हणजे शेवटच्या बाकावरच्या रेकॉर्डिंगमध्ये पंखा जिंकतो. त्यात भिंतींवरून परतणारा घुमारा मिसळला की ‘प’ आणि ‘ब’ वेगळे ऐकू येत नाहीत, आणि उच्चारातले बारीक फरक पकडायला आधीच कष्ट पडणाऱ्या विद्यार्थ्याला असा आवाज फार लवकर थकवतो. सॉफ्टवेअरने पंखा थोडा कमी करता येतो, पण घुमारा काढणं फार अवघड.

म्हणून रेकॉर्डर शिक्षकांच्या टेबलावर ठेवा. ते जमत नसेल तर पहिल्या बाकावर, पण पंख्याच्या बरोबर खाली नको. त्याच्याखाली चार घड्यांचा रुमाल ठेवा. बाकावर कुणी पेन ठेवलं, कोपर टेकलं, पाय आपटला की तो धक्का लाकडातून थेट मायक्रोफोनमध्ये जातो. रुमाल तो अडवतो. माइकचं तोंड फळ्याकडे नको, शिक्षक जिथे उभे राहून बोलतात तिकडे असू दे.

शिक्षक वर्गभर फिरत असतील तर कॉलरला लावायचा माइक हाच खरा उपाय. तारेचा असेल तर शिक्षक रेकॉर्डर खिशात ठेवतील, बिनतारी असेल तर रिसीव्हर तुमच्या फोनला लागेल. घेताना पिन बघून घ्या. तीन काळ्या पट्ट्यांची पिन मोबाइलसाठी, दोन पट्ट्यांची कॅमेरा किंवा रेकॉर्डरसाठी. चुकीची पिन लावली तर फोन तक्रार न करता स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो आणि ते घरी गेल्यावर कळतं. ब्लूटूथ इअरफोनचा माइक यासाठी वापरू नका. तो जवळच्या तोंडासाठी बनवलेला असतो आणि आवाज दाबून पाठवतो.

कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावायचा. मॅडम साडीत असतील तर पदर नसलेल्या बाजूला, ब्लाउजच्या गळ्याशी लावायला सांगा. पदराला लावला तर प्रत्येक हालचालीला ‘खर्र’ असा आवाज येतो. ओढणीचंही तसंच. गळ्यात ओळखपत्राची दोरी असेल तर ती माइकवर आपटत राहते, तिला बाजूला सरकवायची विनंती करा. आणि तास संपला की माइक लगेच काढून घ्या. स्टाफरूममधलं बोलणं तुमच्या फाइलमध्ये येता कामा नये.

रेकॉर्डरवर आवाजाची पातळी हाताने लावता येत असेल तर शिक्षकांचं मोठ्यातलं मोठं बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचेल अशी ठेवा. ‘लो कट’ असा पर्याय असेल तर चालू करा, त्याने पंख्याची खालची घरघर कापली जाते. आपोआप पातळी ठरवण्याचा पर्याय शक्यतो बंद ठेवा. शिक्षक फळ्यावर लिहिताना गप्प झाले की तो पंखा मोठा करतो. खरं रेकॉर्डिंग करण्याआधी एकदा त्याच वर्गात, पंखे चालू असताना, दोन मिनिटांची चाचणी घ्या आणि हेडफोन लावून ऐका.

शिक्षक बोलायला लागण्याआधी पाच सेकंद रेकॉर्डर सुरू करा. हा नुसत्या पंख्याचा तुकडा पुढे कामाला येतो. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्राममध्ये तो तुकडा निवडून ‘नॉइज रिडक्शन’मध्ये नमुना घ्यायचा, मग पूर्ण फाइल निवडून तेच पुन्हा चालवायचं. तिथले मूळ आकडे तसेच ठेवा. ते फार वाढवले तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. हे रोज करत बसू नका. फाइल फारच खराब असेल तेव्हाच करा.

वर्गात हाताने काय करायचं

लेखाचा गाभा इथे आहे. रेकॉर्डर चालू आहे म्हणून वही मिटवून बसलात तर २४० तासांचा डोंगर तयार होतो. पूर्ण वाक्यं लिहायची नाहीत, पण मिनिटाचा आकडा आणि एक खूण लिहायची. रेकॉर्डर सुरू करतानाच मनगटी घड्याळाचं स्टॉपवॉच सुरू करा, म्हणजे वजाबाकी करावी लागत नाही.

मागणीच्या लवचिकतेच्या लेक्चरचं पान असं दिसेल :

३ ★ लवचिकता – व्याख्या
९ ? एकक लवचिक म्हणजे
१४ □
२१ ★★ १०% → २०% = २
३३ मीठ / सोनं
४१ ★ ५ गुण

★ म्हणजे महत्त्वाचं, ★★ म्हणजे परीक्षेत येतं असं सर म्हणाले, ? म्हणजे कळलं नाही, □ म्हणजे फळ्यावर आकृती आहे आणि तिचा फोटो काढला. ४८ मिनिटांचं पान सहा ओळींत संपलं. स्पेलिंगचा प्रश्न जवळजवळ आलाच नाही. शुद्धलेखन वर्गात सुधारायचं नाही, ‘लवचिकता’ ऐवजी ‘लवचीकता’ लिहिलं गेलं तरी पुढे जा. खुणा स्वतःच्या ठरवा, पण पाचापेक्षा जास्त नकोत, नाहीतर त्याच लक्षात राहत नाहीत.

फळ्याचा फोटो पुसण्याआधी काढायचा हे उघड आहे, पण फोटोत फळ्याच्या चारही कडा येऊ द्या. आकृतीचा तुकडाच काढला तर अक्षावर काय होतं ते घरी कळत नाही. कॅमेऱ्याचा आवाज आणि फ्लॅश बंद ठेवा.

लॅपटॉप असेल तर वननोटमध्ये आवाज रेकॉर्ड करत करतच शब्द टाइप करता येतात, आणि नंतर त्या ओळीशेजारच्या प्ले खुणेवर क्लिक केलं की त्याच क्षणाचा आवाज वाजतो. टाइप करणं हाताने लिहिण्यापेक्षा सोपं जाणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय आहे. लॅपटॉपचा स्वतःचा माइक मात्र कीबोर्डची टकटक आधी आणि सरांना नंतर ऐकतो, म्हणून बाहेरचा माइक लावावाच लागतो.

एक गोष्ट पाळा. चर्चा सुरू झाली आणि कुणी घरचं, आजारपणाचं, पैशाचं बोलू लागलं की रेकॉर्डर थांबवा. समाजकार्य, मानसशास्त्र, विधी अशा विषयांत खऱ्या लोकांच्या केसेस बोलल्या जातात, तिथे तर शिक्षकांनी न सांगता थांबवा.

शिक्षक पुस्तकातूनच वाचून दाखवत असतील तर ते लेक्चर रेकॉर्ड करण्यात अर्थ नाही. त्या प्रकरणाची डिजिटल प्रत मिळवून फोनला वाचून दाखवायला लावा, त्याचा उच्चार आणि वेग तुमच्या हातात राहतो.

संध्याकाळची वीस मिनिटं

घरी किंवा होस्टेलवर पोचल्यावर आधी फाइलला नाव द्या. २०२५-०७-१४ अर्थ ०५. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे फाइल्स आपोआप क्रमाने लागतात. विषयाला दोन-तीन अक्षरांचा एकच शब्द ठेवा. लांबलचक नावांची यादी वाचणं हेच डिस्लेक्सियात कष्टाचं असतं. वहीच्या पानावर तोच क्रमांक, ‘अर्थ ०५’, मोठ्या अक्षरात लिहा. प्रत्येक विषयाच्या फोल्डरला एक रंग आणि वहीला त्याच रंगाचं कव्हर, एवढ्याने शोधाशोध निम्म्याने कमी होते.

मग फक्त खुणांच्या जागा ऐका. ऐकताना खुणेच्या २० सेकंद मागून सुरुवात करा, कारण कान ऐकतो, डोकं ठरवतं आणि मग हात लिहितो. २१ व्या मिनिटाची खूण असेल तर गोष्ट २० मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास सुरू झालेली असते. सहा खुणा, प्रत्येकी दोन-तीन मिनिटं, झाली वीस मिनिटं. हे त्याच दिवशी करायचं. तिसऱ्या दिवशी ‘३३ मीठ / सोनं’ याचा अर्थ तुम्हालाच लागणार नाही. त्या दिवशी लागतो की किंमत वाढली तरी मीठ तेवढंच घेतलं जातं आणि सोन्याची खरेदी मात्र पुढे ढकलली जाते.

व्हीएलसी हा मोफत प्लेअर वेग बदलतो आणि आवाजाची पट्टी तशीच ठेवतो. ओळखीचा भाग १.२५ पटीने ऐकायला हरकत नाही. नवी संज्ञा, सूत्र किंवा आकडेमोड असेल तिथे ०.८ वर या. दुप्पट वेगाने ऐकून वेळ वाचतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ऐकून झाल्यावर काय आठवतं ते सांगून बघावं. डिस्लेक्सियात शब्दांचे ध्वनी पकडायला क्षणभर जास्त लागतो आणि अनोळखी शब्द वेगात आधी हरवतात.

दिवसाच्या चारही लेक्चर्सना वीस-वीस मिनिटं देणं रोज जमणार नाही. जे दोन विषय अवघड जातात त्यांना द्या. बाकीच्यांच्या खुणा रविवारी बघा.

आवाजाचा मजकूर करावा का

करता येतो, पण कशासाठी हे आधी ठरवा. व्हिस्परसारखी साधनं मराठी ओळखतात, इंग्रजीत ती बरीच जास्त अचूक चालतात. आपले शिक्षक ‘आता ही जी डिमांड कर्व्ह आहे ना, ती खाली उतरते’ असं बोलतात. अशा मिश्र बोलण्यात साधन गोंधळतं, इंग्रजी शब्द देवनागरीत वाटेल तसे लिहितं, संज्ञा आणि नावं चुकवतं. शिक्षक बराच वेळ गप्प असतील तर कधी न बोललेलं वाक्यच पुन्हा पुन्हा लिहून ठेवतं. भाषा ‘आपोआप ओळखा’ वर न ठेवता स्वतः निवडा, आणि संज्ञा पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय पाठ करू नका. चुकीचं स्पेलिंग एकदा डोळ्यात बसलं की डिस्लेक्सिक विद्यार्थ्याला ते काढायला फार त्रास होतो.

शिवाय ४८ मिनिटांचं बोलणं म्हणजे काही हजार शब्दांची सलग भिंत. ज्या वाचनापासून सुटका हवी होती तेच पुन्हा समोर येतं. मजकुराचा खरा उपयोग शोधण्यासाठी. ‘लवचिकता’ टाकलं की तो शब्द कितव्या मिनिटाला आला ते सापडतं, मग कानाने ऐका. वाचायचाच असेल तर अक्षर १४ पॉइंट, ओळींतलं अंतर दीडपट, उजवी कड मोकळी, कागद किंवा स्क्रीन फिकट पिवळसर. परिच्छेद चार-पाच ओळींचेच करा.

तीन मिनिटांची स्वतःची फाइल

प्रत्येक लेक्चरच्या खुणा ऐकून झाल्या की वही बंद करा आणि तेच स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या आवाजात तीन मिनिटांत रेकॉर्ड करा. लहान भावाला समजावल्यासारखं सांगा. ‘किंमत १० टक्के वाढली, मागणी २० टक्के घटली, म्हणजे लवचिकता दोन. एकापेक्षा जास्त, म्हणून लवचिक.’ जिथे अडखळाल तिथे विषय कळलेला नाही, तेवढीच खूण पुन्हा ऐका. व्याख्या पुस्तकातल्या शब्दांत हव्या असतील तर त्या शेवटी सावकाश दोनदा म्हणा. अवघड शब्दाचं स्पेलिंगही अक्षर-अक्षर करून बोलून ठेवा.

आता गणित बघा. एका विषयाची ६० लेक्चर्स, प्रत्येकी ३ मिनिटं, म्हणजे ३ तास. पाच विषयांचे १५ तास. २४० तासांचे १५ तास झाले, आणि ते लोकलमध्ये, एसटीत, पोळ्या लाटताना ऐकता येतात. लेखनिक घेऊन परीक्षा देणाऱ्यांना याचा आणखी एक उपयोग होतो. उत्तर तोंडी, सलग, मुद्द्यांच्या क्रमाने सांगायची सवय सत्रभर झालेली असते, आणि परीक्षेच्या खोलीत लेखनिकाला नेमकं तेच हवं असतं.

जपणं आणि पुसणं

आठवड्यातून एकदा, शनिवार ठरवून घ्या, सगळ्या फाइल्स कॉम्प्युटरवर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवा. फोन हरवतात, तेही नेमके परीक्षेच्या तोंडावर. फोनला पासवर्ड असू द्या, आणि लेक्चरच्या फाइल्स गॅलरी किंवा क्लाउडच्या कौटुंबिक फोल्डरमध्ये आपोआप जात नाहीत ना ते तपासा.

निकाल लागला, पुनर्मूल्यांकनाची मुदत संपली, विषय सुटला, की शिक्षकांच्या आवाजाच्या फाइल्स तिन्ही ठिकाणांहून पुसा. रीसायकल बिनही रिकामी करा. एटीकेटी लागली असेल तर त्या विषयापुरत्या फाइल्स ठेवता येतील, पण तसं त्या शिक्षकांना जाऊन सांगा. स्वतःच्या आवाजातल्या तीन मिनिटांच्या फाइल्स तुमच्या आहेत. त्या पुसायची गरज नाही, पुढच्या वर्षीच्या विषयाला त्यांचाच पाया लागतो.